सरासरीच्या खाली: दांडेकर समिती आणि अनुशेषाचा हिशेब

3186 कोटी 78 लाख रुपये. अनुशेषाचा, म्हणजे राज्याच्या सरासरीपेक्षा मागे राहिलेल्या भागांची तूट भरून काढायला लागणाऱ्या खर्चाचा, हा आकडा एप्रिल 1984 मध्ये दांडेकर समितीकडून महाराष्ट्र सरकारच्या हाती आला आणि त्यानंतरचं नागपूरचं एखादं हिवाळी अधिवेशन त्याच्याशिवाय, किंवा त्याच्या पोटी जन्मलेल्या आकड्यांशिवाय, क्वचितच पार पडलं असेल. वाटणी अशी होती: विदर्भ 1246 कोटी 55 लाख (39.12 टक्के), मराठवाडा 750 कोटी 85 लाख (23.56 टक्के) आणि उर्वरित महाराष्ट्र, म्हणजे कोकण, पश्चिम आणि उत्तर महाराष्ट्र, 1189 कोटी 38 लाख (37.32 टक्के).

तिसऱ्या आकड्यापाशी वाचणारा अडखळतो. ज्या भागावर ‘सगळं तुम्हीच नेलंत’ असा आरोप होता, त्याच्या वाट्याला मराठवाड्यापेक्षा मोठा अनुशेष कसा काय आला? वाद पेटला तो इथेच. आकडेमोड चुकलेली नव्हती. आकडेमोड सुरू होण्याआधी समितीने मोजमापाचं एकक ठरवलं होतं, आणि त्या एका निर्णयात हा तिसरा आकडा दडलेला होता.

ही समिती म्हणजे प्रादेशिक असमतोलाबाबतची सत्यशोधन समिती. अध्यक्ष प्रा. वि. म. दांडेकर, पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे माजी संचालक. विद्यापीठीय अभ्यासक राज्याच्या एखाद्या चिघळलेल्या प्रश्नाला नेमका किती उपयोगी पडतो आणि त्याचा उपयोग कुठे संपतो, हे तपासायला महाराष्ट्रात याहून चांगलं प्रकरण मला तरी दिसत नाही.

समितीआधीची तीस वर्षं

28 सप्टेंबर 1953 ला नागपूर करार झाला. मराठी मुलखाचं एक राज्य व्हायचं तर विदर्भ आणि मराठवाडा यांच्यावर अन्याय होणार नाही, याची ती लेखी हमी होती. खर्चाची वाटणी लोकसंख्येच्या प्रमाणात, मराठवाड्याकडे विशेष लक्ष, वर्षातून एक अधिवेशन नागपुरात, अशी कलमं त्यात होती. 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम 371(2) आलं आणि विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी स्वतंत्र विकास मंडळं स्थापता येतील, निधीच्या न्याय्य वाटपाची विशेष जबाबदारी राज्यपालांवर टाकता येईल, अशी तरतूद झाली. 1960 ला राज्य आलं. अधिवेशन नागपुरात भरू लागलं. मंडळं मात्र कागदावरच राहिली. कोणत्या मुख्यमंत्र्याला आपल्या अर्थसंकल्पाची दोरी राजभवनाच्या हाती द्यावीशी वाटेल?

दरम्यान असंतोष साचत गेला. 1974 च्या मराठवाडा विकास आंदोलनाने तो रस्त्यावर आणला. 1983 पर्यंत परिस्थिती अशी झाली होती की अन्याय झाला हे सभागृहात बहुतेकांना मान्य होतं, पण किती झाला यावर कुणाचंच एकमत नव्हतं. विदर्भाचे आमदार कापसाचं आणि विजेचं गणित मांडायचे, मराठवाड्याचे रेल्वेचं आणि पाण्याचं, कोकणातले म्हणायचे की आम्हाला तर कुणी मोजतच नाही. प्रत्येकाचं आधारवर्ष वेगळं आणि तक्ता आपापला.

अशा वेळी वसंतदादा पाटलांच्या सरकारने समिती नेमली. समिती नेमणं म्हणजे प्रश्न थंड डब्यात टाकणं, ही आपली राजकीय परंपरा. तसाच हिशेब इथेही कुणी केला असेल तर तो फसला, कारण वर्षाच्या आत अहवाल तयार झाला. समित्यांच्या मुदतवाढीची सवय असलेल्या राज्यात एवढ्यानेही दांडेकरांचं नाव लक्षात राहायला हरकत नव्हती.

दांडेकरच का

1920 मध्ये साताऱ्यात जन्मलेले दांडेकर मूळचे संख्याशास्त्रज्ञ. 1966 ते 1980 ते गोखले संस्थेचे संचालक होते. नीलकंठ रथ यांच्याबरोबर त्यांनी केलेला दारिद्र्याचा अभ्यास 1971 मध्ये पुस्तकरूपाने आला आणि किती उष्मांकांचं अन्न म्हणजे किमान पोषण, त्याला किती पैसे लागतात, ही चर्चा देशभर पोचली.

पण या प्रकरणासाठी मला त्यांचं दुसरं काम जास्त बोलकं वाटतं, ते म्हणजे पीक विम्याचं. एकेका शेतकऱ्याच्या शेतातलं नुकसान मोजत बसाल तर खर्च परवडणार नाही आणि लबाडीही थांबणार नाही. सारख्या हवामानाचं क्षेत्र एकक धरा, कापणी प्रयोगातून तिथलं सरासरी उत्पन्न काढा आणि ते ठरलेल्या पातळीखाली गेलं तर त्या क्षेत्रातल्या सगळ्या विमाधारकांना भरपाई द्या, असं ते सत्तरच्या दशकात मांडत होते. 1979 पासून याच धर्तीवर प्रायोगिक योजना सुरू झाली. ही पद्धत आजही शेतकऱ्याला छळते. माझं पीक गेलं पण महसूल मंडळाची सरासरी शाबूत, म्हणून पैसे नाहीत, ही तक्रार दर हंगामात ऐकू येते. तरी त्यामागची बुद्धी ओळखावी लागते: ज्यात कुणाला फेरफार करता येणार नाही असं माप शोधायचं, त्याची सरासरी काढायची आणि तिच्याखाली कोण आहे ते बघायचं. अनुशेषाचा हिशेब याच बुद्धीतून आला.

हिशेब

समितीने नऊ क्षेत्रं घेतली: रस्ते, पाटबंधारे, ग्रामीण विद्युतीकरण, सामान्य शिक्षण, तंत्रशिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा, जमीन सुधारणा व मृदसंधारण आणि पशुवैद्यकीय सेवा. उत्पन्नातली दरी भरायला किती रुपये लागतील, असा हिशेब तिने मांडला नाही. सरकार स्वतः जे उभारतं, ज्याचं माप खात्यांच्या नोंदींत सापडतं, तेवढंच धरलं. त्यामुळे मुंबई-पुण्याचे कारखाने, बँकांची कर्जं, खासगी गुंतवणूक बाहेर राहिली. यावर टीका झाली आणि ती रास्तही होती. पण नऊच क्षेत्रं घेतल्यामुळे प्रत्येक आकड्याच्या मागे एक खातं उभं करता आलं, ज्याला जाब विचारता येईल.

पद्धत समजायला एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, दर लाख लोकसंख्येमागे सरकारी रुग्णालयांतल्या खाटांची राज्याची सरासरी 80 आहे. एका जिल्ह्यात त्या 50 आहेत आणि लोकसंख्या 20 लाख. म्हणजे तूट 600 खाटांची. ही झाली भौतिक तूट. एका खाटेला इमारतीसकट एक लाख रुपये लागत असतील, तर त्या जिल्ह्याचा आरोग्यातला अनुशेष सहा कोटी. हेच नऊही क्षेत्रांत, जिल्ह्यामागून जिल्हा. सरासरीच्या वर असलेल्या जिल्ह्याचा अनुशेष शून्य धरायचा; त्याचं जास्तीचं काही कुणाच्या तुटीतून वजा करायचं नाही.

सर्वांत मोठा वाटा अर्थातच पाटबंधाऱ्यांचा निघाला. आणि समितीतला अभ्यासक इथे खऱ्या अर्थाने कामाला आला. पाटबंधारे खात्याला ‘सिंचन किती’ विचारलं तर उत्तर हेक्टरमध्ये मिळतं. पण हेक्टर हेक्टरमध्ये फरक असतो. कालव्याच्या पाण्यावर वर्षभर उभा राहणारा एक हेक्टर ऊस जेवढं पाणी पितो, त्यात रब्बी ज्वारीचे कितीतरी हेक्टर भिजतील. नुसते हेक्टर मोजले तर उसाच्या जिल्ह्याने घेतलेलं पाणी तक्त्यात लपून जातं. म्हणून समितीने सगळं सिंचन ‘प्रमाणित रब्बी समतुल्य’ या एककात आणलं: बारमाही, दुहंगामी, खरीप, उन्हाळी अशा प्रत्येक प्रकारच्या सिंचनाचं रूपांतर रब्बीच्या हेक्टरांत. मग तुलना पाण्याची झाली.

हे काम कोणत्याही आमदाराला, सचिवाला किंवा संपादकाला सुचलं नसतं असं नाही. पण ते सुचून, मांडून, भर समितीत टिकवून धरणं त्यांना जमलं नसतं. उसाला पाणी जास्त जातं हे सभेत ओरडून सांगणं वेगळं, आणि त्याचं एकक करून सरकारी अहवालात घालणं वेगळं. एकदा ते घातल्यावर ऊसवाल्या पुढाऱ्यालाही त्याच एककात बोलावं लागलं. पुढच्या समित्यांनीही तेच वापरलं.

जिल्हा की विभाग

आता त्या तिसऱ्या आकड्याकडे. अनुशेष विभागवार काढला असता तर कोल्हापूर, सांगली, पुणे यांच्या जास्तीत रत्नागिरीची आणि सोलापूरच्या दुष्काळी तालुक्यांची तूट बुडून गेली असती, उर्वरित महाराष्ट्राचा अनुशेष बराच घटला असता आणि विदर्भ-मराठवाड्याचा वाटा वाढला असता. जिल्हा धरल्यामुळे प्रत्येक मागास जिल्ह्याची तूट स्वतंत्र मोजली गेली आणि मग विभागापुरती बेरीज झाली.

विदर्भातून आक्षेप आला की नागपूर करार विभागांमध्ये झाला, घटनेचं कलम विभागांबद्दल बोलतं, मग जिल्हा आणला कुणी? समितीच्या बाजूनेही सांगण्यासारखं होतं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या लांज्याच्या बाळंतिणीला कोल्हापुरातली जास्तीची खाट काय कामाची? मागासलेपण माणसाला त्याच्या जिल्ह्यात भोगावं लागतं.

माझं मत विचाराल तर संख्याशास्त्र म्हणून दांडेकर बरोबर होते, पण सरकारने आणि सभागृहाने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ते नव्हतं. प्रश्न असा होता की तीन विभाग एकत्र येताना दिलेला शब्द पाळला गेला का. उत्तर मिळालं की राज्यात कुठले जिल्हे मागे आहेत. दोन्ही प्रश्न महत्त्वाचे, पण दुसऱ्याचं उत्तर पहिल्याच्या जागी बसवलं की पहिला विचारणाऱ्याला फसवल्यासारखं वाटतं. अभ्यासकांकडून हे वरचेवर होतं. प्रश्न त्यांना ढिसाळ वाटतो, ते तो नीटनेटका करून घेतात, आणि त्या नीटनेटकेपणात भांडणाचा गाभा बाजूला पडतो. शिवाय जिल्ह्यापाशीच का थांबायचं? जिल्ह्याच्या पोटातही बागायती तालुके आणि कोरडे तालुके असतातच. पुढे याच प्रश्नावर 2011 मध्ये नेमलेल्या विजय केळकर समितीला तालुक्यापर्यंत उतरावं लागलं.

आणि या साऱ्याला एक पुणेरी किनार होती. गोखले संस्था 1930 पासून पुण्यात. राज्याच्या अर्थव्यवस्थेवर अधिकाराने बोलणारी माणसं, ग्रंथालयं, पाहणीचा अनुभव असलेले सहायक यांचा मोठा साठा मुंबई-पुण्यातच. अमरावती विद्यापीठ सुरू झालं मे 1983 मध्ये, म्हणजे समिती नेमली गेली त्याच वर्षी. ज्या वऱ्हाडाच्या सिंचनाची तूट पुढे चाळीस वर्षं गाजणार होती, त्याचं स्वतःचं विद्यापीठ तेव्हा पाळण्यात होतं. समितीत तिन्ही विभागांचे सदस्य होते, तरी मोजपट्टी पश्चिम महाराष्ट्रात कापली गेली ही भावना गेली नाही. दांडेकरांच्या सचोटीवर शंका न घेताही ती समजून घेता येते. दहावं क्षेत्र म्हणून अभ्यासकांचा अनुशेष मोजला असता, तर कदाचित तो सर्वांत मोठा भरला असता.

अहवालानंतर

सरकारने अहवाल रीतसर स्वीकारला नाही. फेटाळलाही नाही. 1985-86 पासून अनुशेषासाठी वेगळी तरतूद होऊ लागली आणि तिचा आधार हाच अहवाल होता. आपल्याकडे ही खास सोय आहे: शिफारस मानायची नाही, आकडा तेवढा वापरायचा. जुलै 1984 मध्ये विधिमंडळाने एकमताने विकास मंडळांची मागणी करणारा ठराव केला. मंडळं प्रत्यक्षात आली 1994 मध्ये.

मधल्या दहा वर्षांत समिती विसर्जित झालेली, सदस्य आपापल्या कामाला लागलेले, तक्ते मंत्रालयात. दर वर्षी तेच नऊ तक्ते नव्याने भरून जाहीर करील अशी यंत्रणा कुणी उभारली नाही. मंडळं आल्यावर राज्यपालांनी 1995 मध्ये निर्देशांक व अनुशेष समिती नेमली, तेव्हा पुन्हा मोजणी झाली. 1 एप्रिल 1994 च्या स्थितीवर काढलेला अनुशेष आला 14 हजार 6 कोटी 77 लाख. चौपटीहून जास्त.

लोक हादरले. दहा वर्षं पैसे दिले आणि अनुशेष वाढला? महागाई हे एक कारण. दुसरं खुद्द पद्धतीत होतं. सरासरी ही काही जमिनीत रोवलेली खूण नव्हे. पुढचे जिल्हे पुढे गेले की ती वर सरकते आणि मागचा जिल्हा चाललेला असला तरी मागेच राहतो. एवढंच काय, सगळे जिल्हे अगदी सारखे झाल्याखेरीज कुणी ना कुणी सरासरीखाली असणारच. तेव्हा चालू सरासरी धरून अनुशेष संपवणं गणितानेच अशक्य. दांडेकरांसारख्या संख्याशास्त्रज्ञाला हे कळत नव्हतं असं कोण म्हणेल? पण एका तारखेची स्थिती टिपायला बनवलेलं माप राज्याने कायमचं ध्येय करून टाकलं.

यावर तोडगा म्हणून 1994 चा अनुशेष गोठवला गेला. डिसेंबर 2001 मध्ये राज्यपाल पी. सी. अलेक्झांडर यांनी निधीवाटपाचे निर्देश काढले आणि त्या गोठवलेल्या रकमेपोटी दर वर्षी पैसे दिले जाऊ लागले. काही वर्षांत बहुतेक क्षेत्रांतला आर्थिक अनुशेष संपल्याचं सांगण्यात आलं. आर्थिक हे विशेषण महत्त्वाचं. तक्त्यातली रक्कम खर्ची पडली होती. पाटबंधाऱ्यांत मात्र भौतिक अनुशेष, म्हणजे न भिजलेली जमीन, तशीच राहिली. अमरावती विभागातल्या अमरावती, अकोला, वाशीम, बुलडाणा या जिल्ह्यांत तर ती पुढे कित्येक वर्षं कागदोपत्री दिसत राहिली.

पैसा गेला आणि पाणी आलं नाही, हे कसं होतं ते बघायचं तर विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला, भंडारा जिल्ह्यात वैनगंगेवरच्या गोसीखुर्द प्रकल्पाकडे बघावं. 1988 मध्ये राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन. मूळ अंदाज 372 कोटींचा, उद्दिष्ट अडीच लाख हेक्टरांचं. 2009 मध्ये राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. सुधारित अंदाज पुढे 18 हजार कोटींच्या वर गेला. पुनर्वसन, वनजमिनीची परवानगी, भूसंपादन, कालव्यांचं अस्तरीकरण, निविदांचे वाद, सगळं या एका प्रकल्पात सापडतं. 2012 मध्ये राज्याच्या सिंचनावरच श्वेतपत्रिका काढायची वेळ आली. अशा प्रकल्पावर झालेला रुपयान् रुपया अनुशेषाच्या खात्यात जमा दिसतो, शेतातलं पाट कोरडं असलं तरी.

यात दांडेकरांचा दोष किती? त्यांच्या तक्त्यात दोन रकाने होते, भौतिक तूट आणि तिची किंमत. दुसरा पहिल्याचा केवळ अनुवाद होता. सरकारने दुसरा भरला, कारण तो मंत्रालयात बसून भरता येतो. पहिला भरायला धरणावर, शाळेत, दवाखान्यात जावं लागतं, आणि भरला का हे तपासायला कुणीतरी बाहेरचा लागतो. ती बाहेरची नजर 1984 मध्ये समितीबरोबरच घरी गेली होती.

केळकरांपासून पुढे

2011 मध्ये सरकारने विजय केळकरांची उच्चस्तरीय समिती नेमली, ऑक्टोबर 2013 मध्ये अहवाल आला, डिसेंबर 2014 मध्ये नागपूर अधिवेशनात तो सभागृहापुढे ठेवला गेला. केळकरांनी चौकट विस्तारली: नुसता अनुशेष न बघता विकासातलं अंतर बघा, पाणी, दुष्काळी तालुके, आदिवासी भाग यांचा वेगळा विचार करा. अहवाल जाडजूड आणि अभ्यासपूर्ण. पण ज्याने भांडता येईल असा एक आकडा त्याने राजकारणाला दिला नाही, म्हणून सभागृहात त्याचा उच्चार दांडेकरांच्या मानाने कमीच होतो. बारकाईची ही किंमत असते.

30 एप्रिल 2020 ला विकास मंडळांची मुदत संपली. सप्टेंबर 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती पुन्हा स्थापण्याचा निर्णय घेतला. मंडळांच्या अध्यक्षपदी कोण यावर बोलणारे पुष्कळ आहेत. तिथे मोजमाप कोण करणार, यावर फारसं कुणी बोलत नाही.

आता परिस्थिती 1983 सारखी नाही. नागपूर, अमरावती, छत्रपती संभाजीनगर, नांदेड, सोलापूर, जळगाव, गडचिरोली, सगळीकडे विद्यापीठं आहेत आणि बहुतेकांत अर्थशास्त्राचे विभाग आहेत. राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय प्रत्येक जिल्ह्याचं ‘सामाजिक व आर्थिक समालोचन’ काढतं. त्यात शाळा, खाटा, रस्ते, सिंचन, पशुवैद्यकीय दवाखाने, म्हणजे दांडेकरांच्या नऊ क्षेत्रांतलं पुष्कळसं, आयतं मांडलेलं असतं. त्यातला एखादा तक्ता घेऊन एम.ए.च्या विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष जागेवर ताडून पाहायचा, कालव्याच्या शेवटच्या वितरिकेपर्यंत चालत जाऊन पाणी येतं का ते लिहायचं, आणि विद्यापीठाने ते दर वर्षी आपल्या नावावर छापायचं. याला नवा कायदा लागत नाही, राज्यपालांचे निर्देश लागत नाहीत. लागतं ते एवढंच की सरकारने विद्यापीठाला खात्याच्या नोंदी बघू द्याव्यात आणि निष्कर्ष अडचणीचा आला म्हणून पुढच्या वर्षीचं काम काढून घेऊ नये. या दोन अटींपैकी दुसरी जास्त अवघड आहे, आणि करार करताना ती आधी लिहून घ्यावी.